फाइलीतला अलार्म

१

शिंपीबाबा दुपारचे जेवून झोपले ते उठलेच नाहीत. सून चहा घेऊन खोलीत गेली, तेव्हा ऑक्सिजनचं मशीन उशाशी नेहमीसारखं घुरघुरत होतं, त्याचा हिरवा दिवा लागलेला होता, आणि मशीनच्या तोटीतून निसटलेली नळी फरशीवर पडली होती. नळीचं दुसरं टोक बाबांच्या नाकाशी जागच्या जागी होतं. ऑक्सिजन सगळा खोलीत चालला होता आणि बाबांपर्यंत त्यातला काहीच पोचत नव्हता.

असं कधी झालंच तर मशीनने बोंब मारून घर डोक्यावर घ्यावं, यासाठीच तर ते घेतलं होतं. खोक्यावर तसं ठळक छापलंही होतं. सून म्हणत होती, मशीनने हूं की चूं केलं नाही.

पण सुनेचं ऐकतंय कोण? ती त्या वेळी शेजारच्या खोलीत शिलाई मशीनवर बसली होती. बाबांनीच तिला शिवणकाम शिकवलं होतं, आणि त्यांना दिसेनासं झाल्यापासून दुकानाची सगळी कामं तीच उरकायची. नणंद धावत आली, वडिलांच्या छातीवर डोकं ठेवून पोटभर रडली, आणि मग डोळे पुसताना तिला शिलाई मशीनच्या सुईखाली अडकलेला अर्धा कोट दिसला.

"त्या खडखडाटात तुला काय कप्पाळ ऐकू येणार!" ती म्हणाली.

नवरा दोघींच्या मधे उभा राहिला आणि काहीच बोलला नाही. सुनेने धसका घेतला तो त्याच्या गप्प राहण्याचा.

कंपनीने मशीन उचलून नेलं, तपासलं आणि कळवलं: अलार्म ठणठणीत आहे, नळी काढताच वाजतो. म्हणजे मशीन खरं बोलत होतं. मग खोटं कोण बोलत होतं, हे सांगायला घरात कुणाची गरज उरली नाही.

२

अशा प्रकरणात शेवटचा शिक्का बाहेरच्या माणसाचा लागतो, म्हणून कंपनीने एका बाईंना बोलावलं. बाईंनी उमेदीची सगळी वर्षं ऑपरेटिंग सिस्टीम लिहिण्यात घालवली होती. आता यंत्रामुळे कुठे काही विपरीत घडलं की त्यांना बोलावणं यायचं. धंद्यातले लोक त्यांना पाठीमागे पोस्टमॉर्टमबाई म्हणत. बाईंना ते माहीत होतं आणि त्याने त्यांचं काही बिघडत नव्हतं. कंपनीच्या साहेबांची अपेक्षा अगदी साधी होती: बाईंनी यावं, चहा प्यावा आणि सही करावी.

बाई आधी गेल्या त्या बाबांच्या घरी. साहेबांना ते रुचलं नाही, पण नको म्हणायला त्यांना कारण सापडेना.

"मशीन रोज बंद-चालू करायचात?" बाईंनी सुनेला विचारलं.

"रोज सकाळी पुसायला बंद करायचे. परत सुरू केलं की पीक करून वाजायचं. त्या दिवशीही वाजलं."

"ऐकलंत?" नणंद म्हणाली. "सकाळी वाजलं, म्हणजे भोंगा चांगला होता. दुपारी त्याला काय धाड भरली?"

प्रश्न बिनतोड होता. बाईंनी तो मनात ठेवला.

"मी माझ्या भावाला सांगून टाकलंय," नणंद पुढे म्हणाली. "तुमचा अहवाल येऊ दे. अलार्म वाजला होता असं निघालं, तर या घरात एक तर ही राहील, नाहीतर मी येईन."

भाऊ खिडकीपाशी उभा होता. बाई निघाल्या तेव्हा तो जिन्यापर्यंत सोडायला आला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, मला तिच्यावर विश्वास ठेवायचाय हो."

"मग ठेवा की. माझी परवानगी कशाला हवी?"

त्याने मान खाली घातली. वडील गेले होते, बायको एक सांगत होती, बहीण दुसरं, आणि कंपनीने तर छापील कागदच पाठवला होता. बाईंना त्याचा राग आला आणि त्याहून जास्त कीव आली.

खाली दारापाशी सून धावत आली. तिच्या ओढणीला अजून दोरे चिकटले होते.

"मॅडम, एक सांगू? मला तो आता रोज दुपारी ऐकू येतो. मशीन घरात नाही, तरी ऐकू येतो. मग वाटतं, त्या दिवशीही वाजला असेल आणि मीच ऐकला नसेल. तुम्ही जे लिहाल ते मी मान्य करीन. मला आता माझंच काही कळेनासं झालंय."

बाई बऱ्याच घरांतून असं काहीबाही ऐकून बाहेर पडल्या होत्या. पण न केलेला गुन्हा कबूल करायला निघालेलं माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. की केलेला?

३

कंपनीत बाबांचं मशीन टेबलावर मांडून ठेवलं होतं. बाजूचा ओरखडा, बाबांच्या उशीच्या अभ्र्याचा चिकटलेला धागा, सगळं तसंच. बाईंनी ते सुरू केलं. पीक. मग त्यांनी नळी उपसली.

मशीनने असा काही आक्रोश केला, की पलीकडच्या खोलीतला शिपाईसुद्धा डोकावून गेला.

साहेबांनी कानावरचे हात काढले आणि ते हसले. "आता चहा घेऊ या?"

शिलाई मशीनच काय, शेजारी लग्नाचा बँड असता तरी हा आवाज दडला नसता. म्हणजे सुनेने तो ऐकला नाही हे खोटं, किंवा तो वाजलाच नाही हे खरं. मधली वाट नव्हती, आणि टेबलावरचं मशीन तर सरळ सुनेच्या विरुद्ध साक्ष देत होतं.

"चहा नंतर," बाई म्हणाल्या. "अलार्म लिहिणारा माणूस कोण?"

त्या माणसाला सगळे थोरले म्हणत. निवृत्तीला टेकलेले, शांत, गेले कित्येक दिवस जेवण न गेल्यासारखे दिसणारे. त्यांनी पडद्यावर फाइल उघडून दाखवली.

"मशीनच्या आतली सिस्टीम सी भाषेत आहे. हा तिचा दाबावर लक्ष ठेवणारा भाग. नळीतला दाब घसरला की अलार्मला उठव. ही बघा ओळ. मी स्वतः लिहिलीय. रोज एकदा उघडून बघतो, आहे ना म्हणून."

ओळ होती. स्वच्छ, बिनचूक. तिच्या वर आणि खाली दोन आडव्या पहारेकऱ्यांसारख्या ओळी होत्या.

"ही अट कशासाठी?" बाईंनी विचारलं.

"आमची एकच सिस्टीम पाच प्रकारच्या मशीनमध्ये जाते. स्वस्तातल्या मशीनला दाबाचा सेन्सरच नसतो. म्हणून वर म्हटलंय, सेन्सर आहे असं कुणी सांगितलं असेल तरच मधल्या ओळी घे, नाहीतर गाळ. कंडिशनल कंपायलेशन. तुम्हाला मी काय शिकवणार?"

"आणि सेन्सर आहे असं सांगतं कोण?"

"सेटिंगची फाइल. पहिल्या दिवसापासून सांगतेय." त्यांनी तीही उघडून दाखवली. खरोखरच सांगत होती.

थोरल्यांनी चष्मा काढला. "बाई, फाइल बरोबर आहे, मशीन वाजतंय. मग मला झोप का लागत नाही?"

४

तपासणी विभागातल्या मुलीचं नाव सहकाऱ्यांनी शंकासुर ठेवलं होतं, कारण ती कशावरही विश्वास ठेवत नसे. बाईंना ती बघताक्षणीच आवडली.

"बाबांचं मशीन आल्यावर तू काय केलंस, ते पहिल्यापासून सांग."

"नेहमीचंच. आधी ताजी सिस्टीम भरली, मग तपासलं."

बाई खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाल्या. "आधी भरलीस?"

"तसाच रिवाज आहे आमचा. परत आलेल्या मशीनमधली सिस्टीम कशाने बिघडली असेल कोण जाणे. ती तपासण्यात काय हशील? कोरी भरायची, म्हणजे दोष मशीनचा आहे का ते कळतं."

"म्हणजे त्या दुपारी बाबांच्या उशाशी जी सिस्टीम चालू होती..."

शंकासुरच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. आयुष्यभर सगळ्यांवर शंका घेणाऱ्या मुलीने स्वतःच्या हातांवर मात्र कधी घेतली नव्हती. "पुसली गेली," ती पुटपुटली.

एकुलता एक साक्षीदार, आणि त्याची जीभ कंपनीनेच कापून नवी बसवली होती. त्यात कुणाचा डाव नव्हता. फक्त रिवाज होता. बाईंनी डोळे मिटले. हात चोळत बसण्यापलीकडे काही उरलं होतं का?

"नवी सिस्टीम आणलीस कुठून? कारखान्यातून?"

"छे. मी माझ्याच कॉम्प्युटरवर तयार करते. मला पाचही प्रकार तपासायचे असतात, दर वेळी सेटिंगची फाइल कोण बदलत बसणार? कोडवरून सिस्टीम बनवणारा कंपायलर चालवतानाच त्याला वरून टाइप करून तोंडी सांगितल्यासारखं सांगते, सेन्सर आहे असं समज. कोड तोच, थोरल्यांचाच. एका अक्षराचा फरक नाही."

निघताना बाई दारात क्षणभर थबकल्या, हे शंकासुरच्या नजरेतून सुटलं नाही.

५

तिसरा माणूस टापटीप. नाव शोभावं असा. टेबलावर एक पेन, तेही टेबलाच्या कडेला समांतर. गेल्या वर्षभरात त्याने सगळ्या कोडची साफसफाई केली होती आणि त्याबद्दल त्याला शाबासकीही मिळाली होती.

"कसला केर काढलात?" बाईंनी विचारलं.

"प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर ओळींची ही लांबच लांब रांग. अमकी फाइल सोबत वाच, तमकी वाच. निम्म्यांचा काही उपयोग नाही, वर्षानुवर्षं तशाच पडलेल्या. मी एकेक ओळ काढायचो आणि कंपाइल करून बघायचो. कंपायलरने तक्रार केली, तर ओळ परत जागेवर. नाही केली, तर ती बिनकामाची होती. इतकं सोपं." त्याने पेन किंचित सरळ केलं. "अलार्मला तर मी हातही लावला नाही हं. माणसांच्या जिवाशी खेळ नको."

तो मनापासून बोलत होता. बाई उठल्या. थोरल्यांची ओळ शाबूत, सेटिंगची फाइल शाबूत, तपासणीत मशीन वाजलेलं, आणि अलार्मला कुणी हात लावलेला नाही. चारही बाजूंनी भिंत. उद्या सही करायची होती.

जिन्यात त्यांना कारखान्याचा फोरमन भेटला, बोलका गडी. "आमच्याकडे काही सापडायचं नाही बाई! प्रत्येक मशीन सुरू करून पीक वाजतं का बघतो, मगच खोक्यात घालतो. आणि या टापटीपसाहेबांचे तर उपकारच. त्यांनी सफाई केल्यापासून सिस्टीम जराशी बारीक झालीय. पटकन भरते."

बाई दोन पायऱ्या उतरून थांबल्या.

"काय झालीय?"

"बारीक. जराशी."

"फोरमन," बाई कठडा धरून म्हणाल्या, "गोदामात बंद खोकी असतील ना? बाबांच्या मशीनसारखी?"

"ढिगाने. पण सील फोडता येत नाही."

"माझ्या नावावर फोडा."

गोदामात साहेब धापा टाकत पोचले, तोवर सील तुटलं होतं. थोरले, शंकासुर, टापटीप, सगळे मागोमाग आले. बाईंनी कोरं मशीन सुरू केलं. पीक. हिरवा दिवा. घुरघुर.

मग त्यांनी नळी उपसली.

सगळे कान टवकारून उभे राहिले. मशीन समाधानाने घुरघुरत राहिलं. एवढ्या मोठ्या गोदामात दुसरा आवाज नव्हता.

६

"मी सांगते काय झालं ते," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात विजय नव्हता. "सोबत वाच असं सांगणाऱ्या त्या ओळींना स्वतःचं काही वजन नसतं. बिनकामाच्या असत्या, तर काढल्यावर तयार होणारी सिस्टीम जशीच्या तशी राहिली असती. ती बारीक झाली. म्हणजे त्यांच्याबरोबर खरोखरचं काहीतरी गळालं होतं. काय, ते शोधायला मी इथे आले."

थोरल्यांनी खोक्याचा आधार घेतला. त्यांच्या आधीच लक्षात आलं होतं.

"अलार्मच्या फाइलीच्या डोक्यावरही तशी एक ओळ असणार. सेटिंगची फाइल सोबत वाच. टापटीप, ती तुम्ही काढलीत. सेटिंगच्या फाइलीत सेन्सर आहे असं लिहिलेलं होतंच, पण अलार्मची फाइल आता ते वाचतच नव्हती. तिच्या लेखी सेन्सर आहे असं कुणी सांगितलेलंच नाही. म्हणून अटीप्रमाणे मधल्या ओळी गाळल्या गेल्या. आणि त्या कंपायलरपर्यंत पोचायच्या आधीच गाळल्या जातात. जे त्याला दिसलंच नाही, त्याबद्दल तो तक्रार काय करणार?"

"पण माझ्याकडे तर वाजलं," शंकासुर म्हणाली. आणि लगेच तिने तोंडावर हात ठेवला.

"तू तोंडी सांगत होतीस ना, सेन्सर आहे म्हणून. तुझ्या टेबलावर अट नेहमीच पुरी व्हायची. कारखाना मात्र फाइलीवर विसंबलेला. कोड एकच, मशिनं दोन. आणि ते पीक सुरू होतानाचं. ते वेगळ्याच फाइलीतलं आहे, त्याला कसली अट नाही. भोंगा चांगलाच होता. त्याला वाजायला सांगणारंच आत कुणी नव्हतं."

टापटीप जागच्या जागी खाली बसला. त्याच्या पँटला गोदामातली धूळ लागली, ती त्याने झटकली नाही.

"मी फक्त केर काढला हो," तो म्हणाला. "मी दर वेळी कंपाइल करून बघितलं. दर वेळी."

थोरल्यांनी अट घातली ती योग्यच. शंकासुरने रिवाज पाळला. टापटीपने घर स्वच्छ केलं. फोरमनने प्रत्येक मशीनचं पीक ऐकलं. चौघांनी आपापलं काम चोख केलं होतं आणि एक म्हातारा मेला होता. बाईंना आयुष्यात चोर सापडले होते, लबाड सापडले होते. या वेळी त्यांना धारेवर धरायला कुणी सापडेना.

साहेब सगळ्यांत आधी भानावर आले. "ओळ आजच परत घालू. नवी मशिनं बिनधोक."

"आणि गेलेली?"

"त्यांत घरी जाऊनच भरावी लागेल. दुकानांतून विकली गेलीत. कुठल्या घरांत आहेत, आम्हाला कसं कळणार?"

बाईंनी त्या ढिगाकडे पाहिलं. अशीच मशिनं आत्ता कुणाकुणाच्या उशाशी हिरवा दिवा लावून घुरघुरत होती, आणि घरचे लोक निर्धास्तपणे दुसऱ्या खोलीत गेले होते.

७

बाई बाबांच्या घरी गेल्या त्या एक मशीन घेऊनच. त्यात ओळ परत घातलेली सिस्टीम होती. त्यांनी तिघांना समोर बसवलं आणि कंपनीतलं सगळं बाबांच्या भाषेत सांगितलं.

"बाबा एकाच कागदी बेतावरून, नमुन्यावरून, सगळे कोट कापायचे ना? बेतावर लिहिलेलं असतं, आतला खिसा हवा असेल तर इथे कापड घे. गिऱ्हाईकाने खिसा सांगितलाय, पण ती चिठ्ठी कापणाऱ्यापर्यंत आलीच नाही, तर तो काय करील? बिनखिशाचा कोट शिवील. कोटात चूक काहीच नाही. बेत काढून बघाल, तर त्यावर खिसा आहेच. कंपनी बेत बघत होती. कोट कुणी उघडून बघितलाच नाही." त्या सुनेकडे वळल्या. "अलार्म वाजला नाही. वाजूच शकत नव्हता. तुमचं म्हणणं अक्षरशः खरं होतं."

सुनेने मान हलवली. तिला आनंद झाला नाही. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं, पण आता पाहायला उशीर झाला होता हे त्यालाही समजलं.

नणंदेने नव्या मशीनकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "मानलं, नाही वाजला. पण वाजला असता, तर हिला ऐकू आला असता का? शिलाई मशीन तर चालूच होतं."

"ताई, पुरे," नवरा म्हणाला. घरात तो पहिल्यांदा बोलला ते इतकंच.

मशीनमध्ये काय होतं ते बाई सिद्ध करू शकत होत्या. माणसाने काय केलं असतं, ते कसं करणार? सून उठली आणि शेजारच्या खोलीत गेली. थोड्या वेळाने शिलाई मशीनचा खडखडाट सुरू झाला. तो कोट अजून पुरा व्हायचा होता, आणि तिला नुसतं बसवत नव्हतं.

बाईंनी नवं मशीन बाबांच्या पलंगाशी ठेवलं, नळी लावली, सुरू केलं. निदान अलार्म कसा असतो ते तरी या दोघांनी ऐकावं, एवढाच त्यांचा हेतू होता. त्यांनी नळी उपसली आणि ती फरशीवर पडली.

मशीनने आक्रोश केला, आणि त्याच क्षणी पलीकडचा खडखडाट थांबला.

सून आत आली ती धावतच. तिला तिथे कुणी दिसलंच नाही. नणंदेला बाजूला सारून ती पलंगापाशी गुडघ्यांवर पडली, न बघता फरशीवरून नळी उचलली आणि एका हाताने तोटीत दाबून बसवली. दुसरा हात उशीकडे गेला.

अलार्म बंद झाला. उशी रिकामी होती.

सून तशीच बसून राहिली. तिने एकदा नळीकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या हाताकडे.

"एवढंच करायचं होतं," ती म्हणाली. "ताई, बघा ना. एवढंच करायचं होतं."

नणंद खाली बसली आणि तिने सुनेला घट्ट धरलं. ती रडत होती आणि मधूनच दातओठ खात होती. राग अजून तिच्यात तेवढाच होता. तो कुणावर काढायचा, ते मात्र आता तिला कळत नव्हतं.